सात नंबरचा नियम

मी नोकरीत नेमकं काय करत होते, हे माझ्या सख्ख्या जावेला अजून नीट सांगता येत नाही. ती शेजारणींना सांगते, "आमच्या मोठ्या बाई बालवाडीत होत्या." बालवाडीत मी एक दिवसही नव्हते. मुलांना शिकवणं हे माझं काम नव्हतंच. मुलांना सांभाळणाऱ्या बायांना शिकवणं हे माझं काम होतं.

आमच्या भागात, म्हणजे दर्यापूर, अचलपूर आणि इकडे अकोल्याच्या बाजूला, खेड्यातली शाळा सुटते तेव्हा घरी कोणी नसतं. आईबाप कापूस वेचायला, नाहीतर सोयाबीन काढायला गेलेले. ते येईपर्यंत दिवस मावळतो. मधले दोन-अडीच तास पोर कोणाचंच नसतं. विहिरीवर जातं, रस्त्यावर जातं, कोणाच्या घरात जाऊन बसतं. त्या दोन-अडीच तासांसाठी आमच्या संस्थेने गावोगाव केंद्रं काढली होती. समाजमंदिरात, ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत, जिथे जागा मिळेल तिथे. मुलं येत, मुरमुरे-फुटाणे खात, खेळत, थोडा अभ्यास करत आणि दिवेलागणीला कोणीतरी येऊन त्यांना घरी नेई. प्रत्येक केंद्रावर गावातल्याच दोन बाया. त्यांना आम्ही 'ताई' म्हणत असू. या ताई आधी अमरावतीला माझ्याकडे पाच दिवस प्रशिक्षणाला यायच्या.

लोक विचारत, यात शिकवण्यासारखं आहे काय? पोरं तर सगळ्याच बाया सांभाळतात. मी म्हणायची, स्वतःचं पोर सांभाळणं वेगळं आणि दुसऱ्यांची तीस पोरं सांभाळणं वेगळं. केंद्राचं दार बंद करायचं नाही. एकट्या मुलाला घेऊन ताईने आतल्या खोलीत बसायचं नाही. न्यायला कोण येणार, त्याचं नाव वहीत असलं पाहिजे, दुसरा कोणी आला तर मूल द्यायचं नाही. आणि मारायचं नाही. या शेवटच्या गोष्टीत माझा एक अख्खा दिवस जायचा. अचलपूरकडची एक ताई मला अगदी मनापासून म्हणाली होती, "मॅडम, दोन चापटा नाही देल्या तं पोराले समजन कसं का आपला त्याच्यावर जीव हाये?" मी हसले नाही. तिच्या आईने तिला तसंच समजावलं असणार.

हे सगळं मी बारा नियमांत बसवलं होतं. पिवळ्या कागदावर छापून प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर टांगलं होतं. त्यातला सातवा नियम असा होता : 'मुलाने घरातील त्रासाबद्दल काही सांगितल्यास ताईने त्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत पालकांना कळवावे.'

हा नियम मी एका दुपारी ऑफिसात बसून लिहिला. संस्थेला मदत देणाऱ्यांना लेखी धोरण पाहिजे होतं आणि घाई होती. माझ्या डोक्यात एवढंच होतं की, ताईने गोष्ट पोटात ठेवली आणि उद्या काही झालं, तर गाव म्हणेल तुम्ही लपवलं. मुलांसाठी कायदा आहे, हेल्पलाइन आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण ते माझ्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर, खालच्या बाजूला होतं. त्रास घरातूनच येत असेल, तर तो घरालाच जाऊन सांगायचा, असा नियम मी लिहिला आणि तो लिहिताना माझा पेन एकदाही थांबला नाही.

वनिता माझ्याकडे आली ती दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून. सासरी फुलांची शेती. झेंडू, शेवंती, गलांडा. पहाटे फुलं तोडून दर्यापूरला पाठवायची आणि दुपारनंतर रिकामी, म्हणून ताईचं काम धरलं. शिक्षण दहावी. बोलणं ठेट वऱ्हाडी, आणि तेही मोजकं. प्रशिक्षणात मी एक प्रश्न सगळ्यांना विचारायची. एक मूल कोपऱ्यात बसून राहतं, कोणाशी बोलत नाही, तुम्ही काय कराल? बाकीच्या ताईंनी छान छान उत्तरं दिली. प्रेमाने विचारू, जवळ घेऊ, गोष्ट सांगू. वनिता म्हणाली, "मी त्याच्या बाजूले जाऊन बसन."

"आणि?"

"अन् काही नाही. आपलं काही काम करत राहीन. त्याले वाटलं तं बोलन."

मी तिला दहापैकी पाच गुण दिले. विचारपूस केली नाही म्हणून पाच कापले. मात्र शेवटच्या दिवशीच्या तोंडी परीक्षेत ती पहिली आली. बाराच्या बारा नियम तिने शब्द न चुकवता म्हणून दाखवले. मी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

तिचं केंद्र चांगलं चाललं. पाहणीला मी दोनदा गेले होते. मुलं तिला चिकटलेली असायची आणि ती मात्र कोणाच्या मागे लागलेली दिसायची नाही.

त्या केंद्रात गौरी नावाची दहा वर्षांची मुलगी होती. चौथीत. घर बऱ्यापैकी, काळी जमीन भरपूर. आईबाप, आजी आणि बापाचा धाकटा भाऊ असे एकत्र राहत. दिवाळीच्या थोडं आधी तिने खेळणं सोडलं. घरी जायची वेळ झाली की तिला काहीतरी काम सुचायचं. सोंगट्या मोजून ठेवायच्या, पाट्या लावायच्या. वनिताने तिला काही विचारलं नाही. तिच्यासोबत सोंगट्या मोजत राहिली. एका गुरुवारी मोजता मोजता गौरीच म्हणाली, "ताई, काका मले मोबाईलवर घाण पिच्चर दावते. अन् म्हणते, कोणाले सांगू नोको."

वनिता म्हणाली, "बरं केलं तू सांगतलं."

थोड्या वेळाने गौरीचा बाप तिला न्यायला आला. पुढचं मला वनितानेच नंतर सांगितलं. तिने भिंतीवरच्या पिवळ्या कागदाकडे पाहिलं, बापाला ओसरीत बाजूला घेतलं, आणि त्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत, पालकाला कळवलं.

बापाने पोरीचा हात धरला आणि निघून गेला.

घरी गेल्यावर त्याने गौरीला सगळ्यांसमोर उभं केलं. आजी होती, आई होती, काकाही होता. "तू असं बोलली का ताईजवळ?" असं विचारलं. ती नाही म्हणाली. त्या घोळक्यात उभी राहून कोणती दहा वर्षांची पोर हो म्हणेल? झालं. गौरी खोटी ठरली, वनिता आग लावणारी ठरली. दुसऱ्या दिवसापासून गौरी केंद्रावर आली नाही. चार दिवसांनी गावातली निम्मी मुलं बंद झाली आणि संस्थेत तक्रार आली की, तुमची बाई पोरींना नको ते शिकवते.

चौकशीला मला पाठवलं. ग्रामपंचायतीत बैठक झाली. गौरीचा बाप, त्याचे भाऊबंद, गावची चार मोठी माणसं. वनिता दाराजवळ उभी. तिला कोणी बस म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही. माणसं तावातावाने बोलत होती. केंद्र बंद करा, असा सूर होता. मला वाटलं, एवढी मुलं पुन्हा रस्त्यावर येतील. ते तर वाटलंच, पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तो पिवळा कागद माझा होता. तो चुकला असं म्हटलं असतं, तर बोट माझ्याकडे वळलं असतं.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "आमच्या ताईंची सांगण्याची पद्धत चुकली. संस्थेतर्फे मी दिलगिरी व्यक्त करते. या केंद्रावर आम्ही दुसऱ्या ताई देऊ."

माणसं शांत झाली. चहा आला.

तिथूनच मी गौरीच्या घरी गेले. तिच्या आईनेही चहा केला. गौरी आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती, नजर जमिनीवर. काका ओसरीत बाजेवर बसला होता. मी विचारलं, "शाळेत जातेस ना बेटा?" ती म्हणाली, "हाव." यापलीकडे मी तिला काही विचारलं नाही. हेल्पलाइनला फोन केला नाही. अहवालात लिहिलं : पालकांशी चर्चा केली, परिस्थिती समाधानकारक. माझ्या सगळ्या नोकरीत मी लिहिलेल्या वाक्यांत याच्याइतकं खोटं वाक्य दुसरं नाही.

वनिता मला एसटीच्या थांब्यावर सोडायला आली. गाडी दिसायला लागल्यावर म्हणाली, "मॅडम, सात नंबर. त्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत, पालकाले. मी पाठ केलं होतं."

मी म्हणाले, "नियम बरोबर आहे गं, पण तारतम्य लागतं ना."

तिने मान हलवली. गाडी आली आणि मी बसले. तारतम्य हा शब्द माझ्या बारा नियमांत कुठेच नव्हता.

त्याच महिन्यात मी सातवा नियम बदलला. कोणाला कारण सांगितलं नाही, नुसते नवे कागद छापून पाठवले. आता त्यात असं आहे की, मुलाचं पूर्ण ऐकून घ्या, त्याला खोटं ठरवू नका. घरात आणि घराबाहेर त्याचा भरवसा कोणावर आहे, ते त्यालाच विचारा. ज्याच्याबद्दल तक्रार आहे, त्याच्या कानावर ती जाऊ देऊ नका. आणि हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा. चांगला नियम आहे. बाहेरच्या संस्थांनी तो आमच्याकडून मागून नेला आणि त्याबद्दल एका कार्यक्रमात माझं कौतुकही झालं. मी कागद दुरुस्त केला, वनिताचं नाव दुरुस्त केलं नाही. तिच्या गावात ती 'चुकलेली ताई'च राहिली.

नऊ वर्षं गेली. निवृत्तीच्या आधीच्या माझ्या शेवटच्या तुकडीत एक तरुण ताई होती, अकोल्याजवळची, प्रश्न विचारणारी. सातवा नियम शिकवून झाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, बाकीचे नियम कोणालाही सुचतील. हा कसा सुचला?"

मी म्हणाले, "अनुभवातून."

"कोणाच्या?"

मी पाणी प्यायले आणि आठव्या नियमावर गेले. पण तो प्रश्न माझ्यासोबत घरी आला. निवृत्तीनंतर महिनाभराने मी दर्यापूरची गाडी पकडली. तिथून शेअर जीपने वनिताच्या गावी गेले.

ती शेतात होती. मला पाहून तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "या मॅडम," म्हणाली आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाखाली पोतं अंथरलं. मी जे बोलायला आले होते ते घाईघाईने बोलून टाकलं. नियम माझा होता, चूक माझी होती, मी भर बैठकीत तुझ्यावर ढकललं.

ती म्हणाली, "मले मालूम हाये ना."

मग मी गौरीचं विचारलं. तेव्हा मला कळलं ते असं. काम सुटल्यावरही वनिता स्वस्थ बसली नव्हती. गौरी केंद्रावर असताना अकोल्याच्या मावशीबद्दल फार बोलायची, हे तिच्या लक्षात होतं. मावशीचा पत्ता कोणी देईना. चार-पाच महिन्यांनी एका लग्नात तो मिळाला. ती एकटी बसने अकोल्याला गेली. मावशीला एवढंच म्हणाली, "पोरीले सुटीत बोलवून घ्या. काही विचारू नोका. राहाची म्हणाली तं राहू द्या. अन् मी आली होती हे तिले सांगू नोका." उन्हाळ्यात मावशी गौरीला घेऊन गेली. दीड महिन्याने गौरीने तिला स्वतःहून सगळं सांगितलं. मावशी आणि तिचा नवरा पक्के निघाले, त्यांनी तक्रार केली. पुढे काय झालं ती गौरीची गोष्ट आहे, ती मी इथे लिहीत नाही. गौरी परत गावी राहायला आली नाही. अकोल्यातच शिकली. आता नर्सिंगला आहे.

"तुझ्याशी बोलते?" मी विचारलं.

"नाही. सणावाराले आली तं रस्त्यानं दिसते. तोंड फिरवते." मग ती म्हणाली, "बराबर हाये तिचं. तिनं मले सांगतलं, अन् मी तिच्या बापाले सांगतलं."

"मी तिला भेटून सगळं सांगू का?"

वनिताने विचार केला. म्हणाली, "माहा भाग नोका सांगू. तुमचा सांगा."

वनिताकडून नंबर घेऊन मी मावशीला फोन केला, मी कोण ते सांगितलं आणि गौरीला विचारायला सांगितलं. आठ दिवस उत्तर आलं नाही. नवव्या दिवशी मावशीचा फोन आला, "या म्हणते."

अकोल्याला मावशीच्या घरी पुढच्या खोलीत शिलाई मशीन होतं. गौरी समोर खुर्चीवर बसली. उंच झाली होती आणि आता सरळ डोळ्यांत पाहत होती. मी ओळख सांगितली तर म्हणाली, "मले आठवते. तुमी विचारलं होतं, शाळेत जाते का म्हणून."

मी माझा भाग सांगितला. तो नियम मी लिहिला होता. ताईकडून मी तो पाठ करून घेतला होता. तिने तुला फसवलं नाही, मी शिकवलं तेच तिने केलं आणि मग मीच तिला चुकीचं ठरवलं.

गौरी म्हणाली, "चार दिवस इचार करून मी ताईले सांगतलं होतं. कारण ती काही विचारत नव्हती. मंग तिनंच बाबाले सांगतलं. त्याच्यानंतर मले वाटलं, आता कोणालेच सांगाचं नाही." आणि मग तिने विचारलं, "हे तुमी तेव्हाच कावून नाही सांगतलं?"

"भीती वाटली," मी म्हणाले. "माझं नाव खराब होईल याची."

"भेव तं मलेही वाटत होतं," गौरी म्हणाली. "पण मी दहा वर्षांची होती."

तिने हे रागाने म्हटलं नाही. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. त्या दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचे महिने ती त्या घरात होती. त्या महिन्यांत काय झालं हे मी तिला विचारलं नाही. तो हक्क मी तेव्हाच घालवला होता, तिच्या घरी चहा घेतला तेव्हा.

मी निघाले. वनिता अकोल्याला आली होती, हे मी सांगितलं नाही. ते पुढे मावशीनेच तिला सांगितलं. हा लेख लिहिण्याआधीही मी दोघींना विचारलं. गौरी म्हणाली, नाव बदला. वनिता म्हणाली, माहं कायले बदलता, पण मी तिचंही बदललं आहे.

अकोल्याच्या त्या भेटीनंतर दोन महिन्यांनी वनिताचा फोन आला. गौरी मावशीसोबत तिच्या घरी येऊन गेली होती.

"काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली. जेवली. पिठलं-भाकर केली होती. आपलं ताट घासलं अन् गेली."

मला वाटलं, आता एक गोष्ट तरी नीट करता येईल. माझ्या जागी आलेल्या मॅडमशी मी बोलले होते. दर्यापुरात नवं केंद्र निघत होतं. त्यांनी वनिताला बोलवायची तयारी दाखवली होती. मी तिला तेच सांगितलं. म्हणाले, "माझ्या सगळ्या ताईंमध्ये तुझ्यासारखी दुसरी नव्हती. संस्था लेखी पत्र देईल, तुझी चूक नव्हती म्हणून. तू ये. नव्या मुलींना तूच शिकव."

फोनवर तिच्या मागे कोणीतरी मोटरपंप बंद करायला ओरडत होतं.

"पत्र पाठवा," ती म्हणाली. "घरी दाखवतो. पण मी येत नाही मॅडम. आता पोरं जवळ आली का मले भेव वाटते."

"कशाचं?"

"एखांदं काही सांगन म्हणून."

मी पुढे आग्रह केला नाही. पत्र मात्र दुसऱ्याच दिवशी मीच लिहून संस्थेत नेलं आणि सही-शिक्क्यानिशी पाठवलं. ते तिला मिळालं.